ऊब कुठवर आली

मी पौडात गेलो तेव्हा गावात वीज यायला अजून दीड वर्ष होतं, आणि नाना ढमाल्यांच्या घरात विजेचे हीटर मात्र चार होते.

तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून माझी बदली झाली होती. नानांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी तांब्याभर पाणी मागायला आत डोकावलो. साठीकडे झुकलेला एक गृहस्थ पाटावर मांडी घालून, दोन्ही तळवे पुढं करून बसला होता. समोर तांब्याची परात कडेवर उभी करावी तसं एक चकचकीत यंत्र होतं. यंत्राची वायर भिंतीपाशी गेली होती आणि तिथं एका खिळ्याला नीट गुंडाळून टांगली होती. भिंतीत त्या खिळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

"काय करताय?" मी विचारलं.

"शेकतुया."

"पण वीज?"

"यील की. तवर बसायची सवय मोडाय नको."

मी पाणी घेऊन खोलीत परत आलो आणि आपण कुणाच्या घरात राहायला आलोय याचा बराच वेळ विचार केला. त्या वेळी पौडात भाड्यानं मिळण्यासारख्या खोल्या दोनच होत्या आणि दुसरीत शेळ्या होत्या. म्हणून राहिलो.

नानांच्या उजव्या हाताला आणखी एक पाट मांडलेला असायचा, रिकामा. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी त्यावर बसायला गेलो, तर नानांनी मला हातानंच अडवलं आणि घोंगडीकडं बोट दाखवलं. "त्यो पाट आमच्या मंडळींचा," म्हणाले. मंडळी म्हणजे साळूमामी. त्या आत चुलीपुढं धुरात बसून भाकरी थापत होत्या आणि खोकत होत्या. त्यांना त्या पाटावर बसलेलं मी पुढची तीन वर्षं पाहिलं नाही.

नाना बावीस वर्षं मुंबईला होते. एका विजेच्या सामानाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी साहेबलोकांचे हीटर दुरुस्त केले. मुंबईत हीटर कशाला लागतो, हा माझा प्रश्न. त्यावर नानांनी माझी कीव केली. साहेब थंड हवेच्या ठिकाणी जायचे, जाताना हीटर घेऊन जायचे आणि येताना मोडून आणायचे, असा सगळा व्यवहार होता. पुढं साहेब विलायतेला गेले, हीटर भंगारात आले, आणि त्यातले चार नानांनी ट्रंकेत घालून गावाकडं आणले. एस्टीच्या टपावरून ती ट्रंक उतरवताना गावानं विचारलं, नाना, काय आणलंत. नाना म्हणाले, ऊब.

चौघांनाही नावं होती. परातीसारखा होता तो रेल्वेसाहेब, उंच पायांची ती मड्डम, तार गुंडाळलेल्या दोन दांड्यांचा तो जोडसाहेब, आणि चौथा कधीच नीट चालला नाही म्हणून तो नुसता पाव्हणा. रोज सकाळी नाना त्यांना राख आणि चिंचेनं घासायचे. गावातल्या बायका देवाची उपकरणी घासायच्या त्याच वेळी, त्याच ओढ्यावर, त्यांच्याच शेजारी बसून. बायकांनी सुरुवातीला पदर तोंडाला लावले, मग कंटाळून राख मागायला लागल्या.

साहेबाच्या हीटरवर नानांचा मोठा आक्षेप होता. "साहेब खुर्चीवर बसतुया," ते मला समजावून सांगायचे, "म्हनून त्याची ऊब ढोपराच्या उंचीनं जाती. आपुन बसनार भुईवर. मंग ऊब कुटं जाती? टाळूवरनं जाती आन् मागच्या भिंतीला लागती. भिंतीला थंडी वाजती का, भाऊसाहेब?" कचेरीतल्या माणसाला गावात भाऊसाहेब म्हणत, म्हणून मी भाऊसाहेब. भिंतीला थंडी वाजत नाही हे मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी नानांनी मड्डमचे पाय करवतीनं वीतभर कापले.

दुसरा आक्षेप आरशावर. आरसा म्हणजे तारेमागचा तो चकचकीत पत्रा, जो ऊब पुढं फेकतो. साहेबाचा आरसा खोल असतो, त्यानं ऊब एकाच माणसावर पडते. "साहेब येकटाच बसायचा. त्याला कोन हाय?" नाना म्हणायचे. त्यांनी लाकडी हातोडीनं रेल्वेसाहेबाला ठोकून ठोकून पसरट केला. दोन पाट शेजारी मांडायचे, समोर मधोमध हीटर ठेवायचा, आणि दोन्ही पाटांवर ऊब सारखी पडली पाहिजे, हे त्यांचं माप. ती सारखी पडते की नाही हे वीज नसताना कसं कळणार, असं मी एकदा विचारलं. त्यांनी कंदील लावून आरशापुढं धरला आणि दोन पाटांवर पडलेला उजेड मला दाखवला. उजेड खरंच सारखा होता.

अखेर मार्गशीर्षात वीज आली. गावात ज्यानं त्यानं घरात दिवा घेतला. नानांनी दिवा घेतलाच नाही. वायरमन म्हणाला, अहो, आधी दिवा घ्यायचा असतो. नाना म्हणाले, "दिव्याला कंदील हाय की." त्यांनी पहिला प्लग हीटरला घेतला. भाडेकरू म्हणून माझ्या खोलीत एक दिवा आला तो मी कुरकुर केल्यावर. तोवर नानांचं घर आठवडाभर अंधारात होतं आणि मध्यभागी रेल्वेसाहेब तांबडालाल होऊन बसलेला होता.

आमच्या आळीची वीज भारी नाजूक. नानांनी हीटर लावला की आळीतले सगळे दिवे मंद व्हायचे. रोज दिवेलागणीला दिवे असे डोळे मिटल्यासारखे झाले की लोक म्हणायचे, "नानानं बोलावलं वाटतं." कारण हीटर लावून झाला की नाना आतल्या बाजूला तोंड करून हाक मारायचे, "ये गं."

आणि आतून रोज एकच उत्तर यायचं, "भाकरी व्हायचीया."

मग नाना मला हाक मारायचे. मी घोंगडीवर बसायचो. जमिनीवर खडूच्या रेघा आखलेल्या होत्या, हीटरपासून एक हात, दोन हात, तीन हात. मला एकेका रेघेवर सरकवायचे आणि विचारायचे, "कुटवर आली?" ऊब अंगावर कुठवर पोचली ते सांगायचं. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. मी चुकून "छान आहे" म्हणालो तर ते नाराज व्हायचे. छान हे काय माप झालं. चांगला थंडीत चहा पिऊन वर्तमानपत्र वाचत पडावं, तर हा माणूस मला खडूच्या रेघेवर सरकवतोय. पण खरं सांगायचं तर ऊब कोपरापर्यंत यायची आणि बरं वाटायचं.

साळूमामींना या उबेची गरज होती, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. आमच्याकडं चार महिने पाऊस म्हणजे भिंतींना पाझर फुटतो, मीठ रांजणात वितळतं, आणि ज्याचे सांधे धरलेले असतात त्याचे हाल कुत्रं खात नाही. मामींचे गुडघे आधीच गेलेले. वीज आली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटं सुजली आणि मिटेनात. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, कोरडी ऊब द्या आणि चुलीच्या धुरात बसू नका, नाहीतर हात कायमचा जाईल. मधली भिंत पातळ होती, मला रोज भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आधी तो झपझप यायचा. त्या पावसाळ्यात तो थांबत थांबत यायला लागला, आणि मधेच बराच वेळ यायचाच नाही. तरी "ये गं" म्हटलं की "भाकरी व्हायचीया" हे ठरलेलं.

नानांना वाटायचं, खोट हीटरमध्ये आहे. तार फार लाल दिसते म्हणून बाई भीत असेल. त्यांनी पुढं जाळी बसवली. तार तापताना कुरकुर वाजते म्हणून असेल. त्यांनी ती सोडवून परत गुंडाळली. वास येतो म्हणून असेल. त्यांनी दांडीवर रोज नवी राख चोळली. माणूस बाईला नक्की काय नको आहे ते विचारेल की नाही? नानांनी विचारलं नाही. त्यांच्या पिढीत नवरा बायकोला असलं विचारत नसे, करवत घेऊन पाय कापत असे.

मी विचारलं. श्रावणातली दुपार होती, नाना बाहेर गेले होते. मामी खापरात चार निखारे घेऊन त्यावर बोटं धरून बसल्या होत्या आणि खोकत होत्या. मला राग आला. मी म्हणालो, "मामी, एवढी सोय घरात आहे आणि तुम्ही धुरात काय बसता? करंटची भीती वाटते का?"

"भ्या कशाचं," त्या म्हणाल्या. मग खापर जवळ ओढून म्हणाल्या, "माजं म्हायेर तळ्यात हाय, भाऊसाहेब."

तळं म्हणजे मुळशीचं धरण. मामींनी गावाचं नाव सांगितलं. आमच्या कचेरीतल्या जुन्या यादीत ते मी पाहिलं होतं, तांबड्या शाईनं खोडलेलं. विजेसाठी धरण झालं तेव्हा मामी दहा-अकरा वर्षांच्या होत्या. बापानं आढं उतरवून घेतलं, दारं काढून घेतली, आणि चूल तशीच राहिली. पाणी चुलीपर्यंत आलं त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

"त्या पान्याची ईज केली त्यांनी," मामी म्हणाल्या. "आईची चूल इझवून पेटवल्याली ती तार. तिच्यावर मी हात शेकू व्हय?"

मी शहाणपणा केला. म्हणालो, मामी, त्या तळ्याची वीज सगळी मुंबईला जाते, आपल्या तारेतली ही कोयनेकडची असेल.

"असंल की," त्या म्हणाल्या. "तितंबी कुनाचं तरी म्हायेर असंलच."

हे नानांना का सांगत नाही, असं मी विचारलं. मामींनी निखाऱ्यावर फुंकर घातली. "कुटल्या तोंडानं सांगू? बावीस वर्सं त्यांनी त्या इजंवरच पगार मिळिवला, आन् मी हितं बसून खाल्ला. सांगितलं तर त्येंचा सारा जल्म वंगाळ ठरंल. त्यापरीस हीटरात खोट हाय असं वाटू द्या." मग मला बजावलं की हे नानांना कळता कामा नये.

मी कबूल केलं आणि तीन महिने पाळलं. कारकुनाला हे जड नसतं.

दिवाळीनंतर नानांनी त्यांचं सगळ्यात मोठं काम केलं. साहेबलोकांत एक हीटर असायचा म्हणे, त्यात काचेचे खोटे कोळसे, खाली दिवा, आणि दिव्याच्या उबेनं फिरणारी पत्र्याची भिंगरी; त्यामुळं जाळ हलतोय असं दिसायचं. नानांनी त्यावरून विजेची चूल केली. मातीची, खरीखुरी, सारवलेली. आत हीटरची तार, पतंगाच्या तांबड्या कागदात गुंडाळलेला दिवा, बिस्किटाच्या डब्याची भिंगरी, आणि वर तीन लाकडं, ती मात्र खरी. मंद जाळ लकलक हलायचा आणि धूर नाही. सगळी आळी बघायला आली. एका म्हातारीनं सवयीनं तिच्यात फुंकणीनं फुंकर मारली.

मामी बाहेर आल्या, बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. नाना पाटावर एका बाजूला सरकले. मामींनी डोळे पुसले, "लई ग्वाड केलीया," म्हणाल्या आणि आत आपल्या चुलीकडं निघून गेल्या. थोड्या वेळानं भाकरीवर एक थाप ऐकू आली. दुसरी आलीच नाही.

लोक गेल्यावर नानांनी मला रेघेवर बसवलं. "कुटवर आली?" त्यांनी विचारलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. मग म्हणाले, "कुटं चुकतंय, भाऊसाहेब? सांगा. आरसा का उंची?"

मला खरोखर वैताग आला होता. त्या दोघांचाही. मी मामींना दिलेला शब्द मोडला आणि सगळं सांगून टाकलं.

भिंगरी फिरत होती, ती नानांनी बोटानं थांबवली. प्लग काढला. मोकळा पाट उचलून भिंतीला टांगला आणि म्हणाले, "मुंबईत येकेक हीटर दुरुस्त झाला की म्होरं बसून बगायचो. येकटाच. मनात म्हनायचो, ही हितं बसंल. आन् ती हितं त्या तळ्याकडं बगत बसायची." मग ते बाहेर गेले.

त्यानंतर सहा महिने हीटर लागला नाही. आळीतले दिवे नीट उजेड द्यायला लागले आणि लोक काळजीत पडले. नानाला बरं नाही का, मला कचेरीत येऊन विचारायचे. नानांना बरं होतं. मामींची बोटं आता भाकरीला नाहीच म्हणत होती, म्हणून नाना स्वतः भाकरी करायला शिकले होते. त्यांच्या भाकरीला कोपरे असायचे. मामी निमूटपणे खायच्या.

वैशाखात नानांनी मला विचारलं, तुमच्या कचेरीत बुडालेल्या गावांचे नकाशे असतील का. होते. कचेरीबाहेर नेता येत नव्हते, म्हणून मी पातळ कागदावर एक नक्कल उतरवली. उन्हाळ्यात तळं आटतं, तेव्हा कडेच्या गावांची जोती पाण्याबाहेर येतात. एका रविवारी नाना आणि मी एस्टीनं गेलो आणि पुढं भेगाळलेल्या चिखलातून चालत गेलो. एवढ्या उन्हात मी का गेलो ते मला सांगता येणार नाही. शब्द मोडल्याची टोचणी असेल.

देवळाचं जोतं सापडलं. तिथून नकाशात मामींच्या बापाचं घर तिसरं. पण प्रत्यक्षात तिथं तीन जोती एकमेकांना लागून होती आणि पहिलं कुठलं, तिसरं कुठलं, हे कुठून मोजायला सुरुवात करता त्यावर होतं. आम्ही दोघांनी नकाशा उलटासुलटा धरून पाहिला. अखेर नानांनी तिन्ही जोत्यांतली थोडी थोडी माती पोत्यात भरली.

"नक्की कळत नाही ना," मी म्हणालो.

"मंग समदीच न्यायची. शेजारीपाजारी बी येऊ द्यात."

कुंभार म्हणाला, ही माती लई पाणी प्यालेली आहे, हिला वाळायला वेळ द्यावा लागेल. नानांना त्यातून तार बसवायची गोल ताटली करून हवी होती, विजेच्या शेगडीत असते तशी, वळणावळणाची खाच पाडलेली. पहिल्या तीन भट्टीत तडकल्या. चौथी राहिली. नानांनी खाचेत तार बसवली, मड्डमचे कापलेले पाय खाली लावले आणि आरसा लावलाच नाही.

हे झालं तेव्हा आषाढ लागला होता. त्या दिवशी वाऱ्यानं कुठं तरी झाड तारेवर पडलं आणि दुपारपासून गावात वीज नव्हती. दिवेलागणीला मी खोलीत कंदिलाची काच पुसत बसलो होतो. मधल्या भिंतीतून पाट मांडल्याचा आवाज आला. मग आणखी एका पाटाचा. मग कितीतरी महिन्यांनी ती हाक आली, "ये गं."

आतून उत्तर आलं नाही. भाकरी आता नानांकडं होती, त्यामुळं मामींना सांगायला काही उरलंही नव्हतं.

मग नानांचा आवाज आला, अगदी हळू. "तळ्यातली माती हाय. तुज्या दारची असंल, न्हाईतर शेजारची. कचेरीचा नकाशा बराबर न्हाई."

पुढं नुसता पावसाचा आवाज. मी काच पुसून कंदील लावला आणि, वीज नाही हे नानांना कदाचित आठवत नसेल, त्यांचा विरस नको, ते सांगावं म्हणून तो घेऊन दाराशी गेलो.

दोघं शेजारी शेजारी पाटावर बसली होती. समोर ताटली, तार काळी ठिक्कर. मामींनी दोन्ही हात पुढं धरले होते. सुजलेली बोटं मध्येच त्या मातीच्या कडेला लावत, परत मागं घेत. त्या रडत होत्या आणि ते त्यांनी पुसलंही नव्हतं. वीज नाही हे त्या दोघांना माझ्याइतकंच दिसत होतं.

"कुटवर आली?" नानांनी विचारलं.

मामींनी जरा विचार केला. "कोपरापत्तुर," म्हणाल्या.

मी दारात कंदील घेऊन तसाच उभा होतो. नानांनी मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "त्यो कंदील जरा लांब न्या. त्याच्या उबेनं हिला नीट कळंना झालंय."

मी कंदील घेऊन माझ्या खोलीत परत आलो.